मोहरीचे माप

१२ फेब्रुवारी १९७५, चिंचवड

वाईहून काल दुपारी इथे येऊन पोचले. गुरुदत्त स्टॉपवर उभा होता. अपघातानंतर हॉस्पिटलात पाहिला तेव्हा पट्टी होती, त्यामुळे काचेचा डोळा मी प्रथमच पाहणार होते. त्याच्या कोणत्या डोळ्याकडे आधी पाहायचे, याचाच विचार बसमध्ये सारा वेळ करत होते. त्यानेच तो प्रश्न सोडवला. माझी वळकटी खांद्यावर टाकत म्हणाला, "ताई, काही सांगायचं असलं तर उजवीकडून ये. डावीकडचा वॉचमन काचेचा आहे." भर रस्त्यात मला हसू फुटले.

खोल्या दोन, लख्ख, पूर्वेला खिडकी. मालकीणबाई छबूबाई जुन्या गावातल्या. जमीन कारखान्यांत गेली, मग गोठा पाडून आठ खोल्या काढल्या. पण अजून पहाटे उठून अंगणात उभ्या राहतात, धार काढायची राहिली असल्यासारख्या. मला पाहून म्हणाल्या, "मास्तरीनबाई आल्या व्हय! भावाला जरा खाया घाला. नुसता पावावर जगतोय." लगेच वाटीभर ताक आले. सकाळी सहाला चारी दिशांनी भोंगे वाजले तेव्हा घाबरून उठून बसले. गुरू म्हणाला, ही इथली भूपाळी. मला आवडेल इथे, असे वाटते.

१४ फेब्रुवारी

आजपासून काम. ते का घेतले हे एकदा स्वतःपाशी नीट लिहून ठेवते.

गुरू फोर्ज शॉपमध्ये आहे. तिथे गॉगल देतात, पण त्यांचे माप परदेशी चेहऱ्यांचे. आपल्या लोकांच्या नाकावरून ते घसरतात, घाम साचतो, म्हणून सगळे ते गळ्यात अडकवून ठेवतात. गुरूनेही तेच केले आणि सप्टेंबरात तापलेल्या लोखंडाची कपची डोळ्यात गेली. डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते की एक डोळा असा गेला की पुढे कधी कधी त्याच्या दुःखाने दुसराही सुजतो, उजव्याला जपा. सदतिसाव्या वर्षी त्याच्याजवळ एकच डोळा आहे. मला दुसरे कोणी नाही, त्यालाही नाही. म्हणून शाळेतून वर्षाची रजा काढली.

मधुसूदनराव त्याच्याच खात्यात होते. आता भोसरीला छोटे वर्कशॉप काढून आपल्या मापाचे गॉगल करू पाहतात. गॉगलची वाटी डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकते, म्हणून त्यांना हाडाचे माप हवे. मी अठरा वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, व्हर्नियर वाचता येते. ते म्हणाले, "बाई, जिवंत माणूस मोजताना कातडी फसवते. कवटी खोटं बोलत नाही."

१६ फेब्रुवारी

कवट्या एकेचाळीस आहेत. गोणपाटात भरून आल्या. शेडचा पाया खणताना भोसरीच्या माळावर निघाल्या. सोपानराव म्हणून कंत्राटदार आहेत, त्यांनी मधुसूदनरावांकडे पोचवल्या. कोणाच्या, किती जुन्या, कोणाला विचारले का, असे मी विचारले. मधुसूदनराव म्हणाले, फार जुन्या, बेवारशी. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवे होते का, माहीत नाही. बसले.

दिवसभर टूथब्रशने माती काढली. वास घुशीच्या बिळाचा असतो तसा, थोडा गोडसर, आणि तो नाकात नव्हे, टाळूला चिकटतो. काहींच्या खोबणींतून हरळीची मुळे गेली होती. ओढली की आतून सुळ्‌कन आवाज यायचा. डोळ्यांच्या खोबणींत मातीबरोबर बारीक काळे दाणे घट्ट बसले होते, बहुतेक सगळ्यांत. वाळूचे खडे किंवा किड्यांची लेंडके असतील. पाण्याने मोरीत सोडून दिले.

वहीच्या पहिल्या पानावर पद्धत लिहिली. रुंदी आणि उंची व्हर्नियरने. मग खोबणीच्या तळाची भोके कापसाने बुजवायची, काठोकाठ मोहरी भरायची, टिचकी मारून बसवायची, खेळायच्या पत्त्याने सपाट करायची आणि मोजपात्रात ओतून किती सी.सी. भरते ते पाहायचे. मोहरी गोल, कोरडी, एकसारखी असते म्हणून ती. सर्वांत वर लिहिले: मोजण्यापूर्वी खोबण पूर्ण रिकामी असल्याची खात्री करावी.

मोहरी दीडशे सी.सी. घेतली आहे. एका सी.सी.त दोनशे दहा दाणे बसतात. (तीनदा मोजले. दोनदा मोजून समाधान होत नाही, हा माझा रोग आहे.)

२१ फेब्रुवारी

सव्वीस कवट्या झाल्या. क्रमांक १७, उजवी: रुंदी ३९.२ मिलिमीटर, उंची ३३.६, मोहरी २६ सी.सी. आकडे सुंदर जुळतात. आपल्या लोकांची वाटी परदेशी वाटीपेक्षा कुठे वेगळी हवी हे दिसू लागले आहे. याने एखाद्याचा डोळा वाचेल. हे मी रोज स्वतःला सांगते, कारण रोज किळसही येते. मोहरी ओतताना दाणे खोबणीतून सरसरत खाली येतात तेव्हा माझ्याच पापण्या मिटतात. घरी आल्यावर लिंबू लावून हात धुते, तरी जेवताना घास बोटांच्या टोकांनी उचलते.

संध्याकाळी गुरूचा काचेचा डोळा मी धुते. त्याला स्वतःकडे बघवत नाही. डोळा उकळलेल्या पाण्याच्या वाटीत टाकायचा, मग ओल्या कापसाने आतली ओली, गुलाबी खळगी पुसायची. तो गाणे गुणगुणतो. मला उमासा येतो. सख्ख्या भावाची किळस येणाऱ्या बाईला काय म्हणावे? मेलेल्यांच्या खोबणीत मी दिवसभर बोटे घालते आणि जिवंत भावाच्या घालताना श्वास धरते.

१ मार्च, संकष्टी

आज जे झाले ते जसे झाले तसे लिहिते.

वर्कशॉपशेजारी ग्राइंडिंग चालते. त्याची लोखंडी पूड मोहरीत मिसळत होती, दाणे ओलसरही झाले होते. म्हणून काल मोहरी घरी आणली, धुतली आणि आज सकाळी सुपात अंगणात वाळत घातली. छबूबाईंना लक्ष ठेवायला सांगितले. ती कशाची, ते सांगितले नाही.

संध्याकाळी आले तो घरात फोडणीचा वास. दुपारी वारा सुटला म्हणून छबूबाईंनी मोहरी उचलली, माझा मिसळणाचा डबा उघडला, त्यातली मोहरीची वाटी रिकामी दिसली, ती भरून ठेवली आणि उरलेली डालड्याच्या डब्यात. मी दमून येते म्हणून भरली वांगी आणि आमटीही करून ठेवली. त्यांची स्वतःची चतुर्थी, मोरयाच्या देवळात जाऊन चंद्र बघून सोडणार. त्यांनी चवही घेतली नाही.

हे सगळे मला जेवणानंतर कळले. मी ती वांगी दोन खाल्ली. गुरूने दोन खाल्ली, आमटी मागून घेतली, आणि मीही. निम्मीनिम्मी. डब्यातली आणि वाटीतली मोहरी एकत्र मोजली: १४८. दोन सी.सी. कमी.

मोरीत जाऊन घशात बोटे घातली. नुसते पाणी आले. दातात एक फुटलेला दाणा अडकला होता, तो जिभेने सुटेना.

गुरू बाहेरून म्हणाला, "काय गं, उपास धरायला हवा होतास." मी म्हणाले, पित्त झाले.

३ मार्च

त्याला सांगितले नाही. कारणे लिहिली आणि खोडली. खरे कारण एकच: त्याच्या तोंडावर माझ्याबद्दलची किळस बघायला मी तयार नाही. त्याची किळस मी रोज करते, आणि त्याला ती दिसत असेलच.

वहीतही नोंद केली नाही. दुकानातून आणून दोन सी.सी. भर घातली आणि १५० लिहिले. अठरा वर्षांत मी विद्यार्थ्याला असा आकडा लिहू दिला नव्हता.

८ मार्च

डोळा धुताना वाटीच्या तळाशी एक काळा दाणा. माझ्या बोटाला चिकटून आला असेल. कागदात गुंडाळून ठेवला. का ठेवला ते माहीत नाही.

९ मार्च

तीन. आज हात आधी साबणाने धुतले होते. दाणे वाटीत नव्हते, कापसावर होते. आतून आले.

१० मार्च

अकरा. त्यांचा वास घेतला. हिंगाचा. कापसाला पिवळे लागले आहे, हळदीचे. मोहरी सबंध नाही, फुटलेली आहे, काळ्या सालीतून आतले पांढरे दिसते. फोडणीत तडतडते तशी.

मोरीच्या काठावर बसून राहिले. पोटातून डोळ्यापर्यंत वाट नसते. मी हे शिकवले आहे, फळ्यावर आकृती काढून.

गुरूने विचारले, आत काही दिसतंय का? नाही म्हणाले. पहिले खोटे पित्ताचे, हे दुसरे.

१२ मार्च

चौतीस. दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिले; त्यांच्यासमोर दोन दाणे आले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरणार नाही. म्हणाले, "बाई, स्वयंपाकाच्या हाताने डोळा धूत जाऊ नका."

१४ मार्च

छबूबाईंना सांगावे लागले. मोरीपाशी कापूस सापडला त्यांना. सगळे सांगितले, कवट्या कुठल्या तेही. त्यांचे बोलणे जसेच्या तसे लिहून ठेवते.

"त्यो मानमोडीच्या साथीतला चर हाय, बाई. आमच्या सासूबाई सांगायच्या. दिसाला धा-धा मानसं जायची. लाकडं न्हाईत, खांदा द्यायला मानूस न्हाई. चर खनला आन लोटली. समद्यांचं डोळं उघडंच, मिटंनात. तवा गिरजाबाई म्हनून हुती एक, तिनं एकेकाच्या डोळ्यात मोहरी भरली. नजर मागं गावात येऊ न्हाई म्हनून."

म्हणजे ते काळे दाणे. मी मोरीत सोडले ते. त्यांचे डोळे मी रिकामे केले, पुन्हा मोहरीने भरले, पुन्हा रिकामे केले. आणि ती मोहरी घरी आणली.

"दिष्ट काढल्याली मीठमोहरी कुनी घरात परत आनतं व्हय? तुमी तर शिकल्याल्या." मग स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. "आन ह्या हातानं म्या फोडनीत टाकली."

उपाय विचारला. म्हणाल्या, "होळीत टाका. समदी. खाल्ल्याली सुदिक. येक दाना मागं ऱ्हायला तर ती नजर जागा धरून बसंल."

होळी सव्वीसला. मी अशा गोष्टी मानत नाही. तरी आकडा मांडला: दोन सी.सी., चारशे वीस दाणे. गुरूकडून आलेले आजपर्यंत एकशे एक. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत ठेवले आहेत.

१७ मार्च

एकूण एकशे अठ्ठ्याऐंशी.

जेवत नाही. घास चावला की कानाच्या आत तडतड ऐकू येते. काल पेज प्यायले, न चावता. तरीही.

१९ मार्च

दोनशे दहा. आज डोळा धुतला, पाणी स्वच्छ. पुन्हा धुतला. स्वच्छ.

गुरूला आज सांगितले. सगळे. त्याने बाटली मागितली, ताटात ओतून स्वतः मोजली. दोनशे दहा. म्हणजे हे माझे भास नाहीत. म्हणाला, "निम्मे झाले की, ताई. माझा वाटा फिटला." मग हसून, "आता तुझा."

त्याला किळस आली नाही. त्याने माझा हात धरला. मीच सोडवून घेतला.

२१ मार्च

गुरूचा उजवा डोळा लाल.

माझ्या डोळ्यांतून काही येत नाही. रोज पापण्या उलटून पाहते. कापूस फिरवते. काही नाही. मागे, आत, हाडापाशी भरल्यासारखे वाटते. टिचकी मारून बसवल्यासारखे.

२२ मार्च

डॉक्टर म्हणाले, सांगितले होते ना, एकाच्या दुःखाने दुसरा. थेंब दिले. मुंबईला नेता आले तर न्या म्हणाले. गुरू म्हणतो, होळी होऊ दे.

मधुसूदनरावांना सगळे सांगितले, १५० चा खोटा आकडाही. कवट्या परत पुरा, असे मी म्हणाले. ते हसले. "दोन सी.सी.? बाई, गॉगल रबराचा आहे, तो सावरून घेतो." मी माझी मोहरी उचलून घरी आले. कवट्या तिथेच आहेत, ओळीने. दाराकडे तोंड केलेल्या. मी भिंतीकडे करून ठेवल्या होत्या.

२४ मार्च

त्याला वाचता येत नाही. माणसे ओळखतो, आवाजावरून.

विचार करते. नीट, पायरी पायरीने. त्याचा वाटा त्याच्या डाव्या खोबणीतून आला. ती रिकामी होती म्हणून. माझ्या दोन्ही भरलेल्या आहेत. वाट नाही. माझा वाटा माझ्यातून निघत नाही, म्हणून तो जिथे वाट सोपी—

आम्ही एकाच आईची. खोबणीही सारख्याच असतील.

२५ मार्च

उजव्या पापणीखाली काळे काही हलले. दोन-तीन. बुबुळाच्या मागे गेले. जागा शोधताहेत. जागा नाही तिथे, डोळा आहे. तो ढकलतील.

रात्रभर माझ्या पापण्या चोळल्या. सुजल्या. दाणा नाही. एकही.

माझा वाटा आहे तो. माझा. त्याचा नाही.

२६ मार्च, होळी

सकाळी गुरूने विचारले, खिडकी कुठे आहे. समोर होती.

मग म्हणाला, उजेड आहे थोडा, कडेला. म्हणजे अजून वेळ आहे.

दुपार

डबा, मिसळणाची वाटी, बाटली, सगळी मोहरी एका फडक्यात बांधली. माझे दोनशे दहा कमी.

पहिल्या दिवशी मीच लिहिले आहे. मोजण्यापूर्वी खोबण पूर्ण रिकामी—

वेड लागले असेल का? तपासून पाहिले. पाढे म्हटले, तेवीसचा, बरोबर. उलटे आकडे म्हटले. बरोबर. वेडी नाही. फक्त किळस येते. स्वतःची. ती यायलाच हवी.

संध्याकाळ

छबूबाई दोनदा येऊन गेल्या. "बाई, पेटवायची येळ झाली, आना की." येते म्हणाले. गुरूला त्यांच्या ओसरीवर बसवले आहे. त्याने विचारले, तू काय करतेस? म्हणाले, राहिलेली मोहरी निवडते. हे खोटे नाही.

कडी लावली.

चमचा उकळून घेतला. कापूस. वाटी. मोजपात्र.

उजव्या हाताने लिहायचे आहे, म्हणून डावा डोळा. व्हर्नियर एकाच डोळ्याने वाचतात.

होळी पेटली. भिंतीवर लाल. बोंबा सुरू झाल्या. बरे झाले. आता कोणाला ऐकू—

अक्षर ओळीवर राहत नाही. आधी हळद आली. हिंगाचा वास. खोबण रिकामी. येताहेत. फडक्यात. नोंद पुरी करते

डावी, १, २, ३, ९, ४०, गुरू ओरडला, होळी दिसते म्हणून, दिसते त्याला, ११०, १८०, २१०, माझा वाटा फिटला

२११

२१२ हे कोणाचे हे माझे ना—